बर्फ वजा करून

चाळीस अंशाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून
आमच्या गावातली माणसं बँकेवर बोलतात.
वर उणे तीन. भुवया पांढऱ्या होतात,
खाली अंग शिजतं.
भांडायला याहून बरी जागा या फ्योर्डवर नाही:
रागानं उठायचं तर ओल्या अंगानं थंडीत उठावं लागतं,
म्हणून कोणी उठत नाही.

मी तलावाचा राखणदार.
तासातासाला काचनळी बुडवतो, क्लोरीन बघतो,
आकडा वहीत लिहितो.
माझं मत कोणी विचारत नाही. बरं आहे.

हालव्हार्दुर म्हणतो, शंभर टक्के. सरळ शंभर.
कुंपणानं शेत खाल्लं, आणि वर
कुंपणाच्या दुरुस्तीची पावती आपल्या नावानं फाडली.
त्याची जीप येनच्या कर्जावर.
जपान त्यानं पाहिलेला नाही,
पण तिकडे काहीतरी महाग झालं
आणि इथे दारात उभ्या गाडीचा हप्ता दुप्पट झाला.
गाडी तीच. उलट एक दिवा फुटलेला.

'सही कोणाची होती?' स्टेनव्होर विचारते.
तीस वर्षं गणित शिकवलं तिनं, अजून तसंच विचारते.
'सही माझी. शाई त्यांची.'
'आणि जीपचा रंग?'
हालव्हार्दुर नाकापर्यंत पाण्यात जातो.

सायुन धक्क्यावर मासळी तोलते. ती म्हणते,
आधी बर्फ वजा करा.
टोपलं काट्यावर चढतं, त्यात मासा असतो, बर्फ असतो.
बर्फाला भाव नाही.
पण बर्फ नसता तर मासा बंदराला लागलाच नसता.
'म्हणजे आपली हाव बर्फ,' हालव्हार्दुर वर येतो, 'कर वजा!'
'बर्फ कोणता ते मी कुठं सांगितलं?'

तेवढ्यात दार वाजतं.
ईस्लेवुर. शाखेच्या खिडकीत बसायचा तो.
टॉवेल खुंटीला, मान खाली.
कोणी बोलत नाही, पण सगळे थोडे थोडे सरकतात.
इथे पाण्यात येणाऱ्याला जागा देतात, एवढंच.

'ठेवीइतकंच सुरक्षित' असं म्हणून
त्यानं अर्ध्या गावाला फंड विकला.
स्वतःच्या आईलाही.
तिनं मरणाच्या खर्चाला बाजूला काढलेले पैसे.
ती अजून त्याला कॉफी देते,
बँकेनं नाताळात वाटलेल्या कपातून.
दुसरे कप आहेत तिच्याकडे.

बराच वेळानं तो म्हणतो,
'राजधानीतल्या काचेच्या इमारतीत
बँकेच्याच पैशानं बँकेचेच शेअर घेणारे लोक
मी डोळ्यांनी पाहिले नाहीत.
मला दर महिन्याला एक आकडा यायचा.
गाठला की केक यायचा.
केक तुम्हीही खाल्लात.'

'चॉकलेटचा होता,' सायुन म्हणते. तिला आठवतो.

'मग किती? आकडा सांग,' स्टेनव्होर.
तो पाण्यातून हात काढतो. बोटं सुरकुतलेली,
जणू दुसऱ्या कोणाची.
'त्यांचे ऐंशी,' म्हणतो. 'नव्वद धरा.
पण उरलेले दहा
मला रोज रस्त्यात भेटतात, नावानं हाक मारतात.'

धप्प. पिवळ्या घसरगुंडीतून एक पोरगं पाण्यात पडलं,
किंचाळलं, पुन्हा जिन्याकडे पळालं.
सगळ्यांनी तिकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.
ती घसरगुंडी नगरपालिकेनं स्विस फ्रँकच्या कर्जावर आणली.
सभागृहात हात वर करून ठराव झाला.
माझा हात इतका उंच होता
की मोजणाऱ्यानं तो दोनदा मोजला.
हे वहीत नाही.

मी नळी बुडवली. रंग गुलाबी, जसा हवा तसा.
'पाणी ठीक,' लिहिलं.

सायुन बाहेर आली. अंगातून वाफा निघत होत्या.
टॉवेल घेताना हळूच म्हणाली,
'तू असतास तर बर्फ किती धरला असतास?'

'आठला बंद होतं,' मी म्हणालो.
घड्याळात सात दहा झाले होते.